झाडून ठेवलेली जागा

आयुष्यात मी एक चोरी केली आहे. दिवसाढवळ्या केली, मालकिणीच्या समोर बसून केली, तिच्याशी गप्पा मारत केली, आणि टोपली भरल्यावर ती माझ्या डोक्यावर चढवायलाही तिलाच लावलं.

लग्न होऊन आरमोरीजवळच्या या गावात आले, त्या पहिल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी चंद्रपूर शहरात वाढलेली, डी.एड. झालेली, मनगटावर घड्याळ बांधणारी पोरगी. त्या घड्याळाचं मला इतकं कौतुक, की मोहफुलं वेचायला जातानाही ते बांधून गेले होते. फुलं वेळेवर गळतात की नाही याची तपासणी जणू माझ्याकडेच होती. सासूबाईंनी सांगितलं होतं, मागच्या धुऱ्यावर मोह आहे, त्याच्याखाली जा. धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला उंचवटा. तिथं जाऊन बघते तर मोहाची झाडं दोन. एकाखाली वाळक्या पानांचा ढीग. त्यात फूल शोधायचं म्हणजे कोंबडीसारखं उकरत बसायला हवं. दुसऱ्याखाली मात्र जमीन अशी लख्ख, की ताट न घेता जेवायला बसावं. तिच्यावर दवानं ओली झालेली फुलं, साईच्या रंगाची, गुबगुबीत, बोटांना चिकटणारी. मी मनात म्हटलं, हे झाड चांगल्या वळणाचं दिसतं. चपला बाजूला काढल्या आणि ऐसपैस मांडी घातली.

तिथं आधीच एक बाई उकिडवी बसून वेचत होती. माझ्याच वयाची, गालात तंबाखू धरलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग चपलांकडे, आणि थोडी सरकली. मी बोलत सुटले. माहेरचा नळ सांगितला, चंद्रपूरचा परकोट सांगितला, परीक्षेत मिळालेला वर्ग सांगितला. वर असंही म्हटलं की तुमच्या गावची झाडं किती स्वच्छ असतात हो, आमच्याकडे अशी नसतात. ती ऐकत राहिली. माझ्या हातून सुटलेली फुलं तेवढी बोटानं दाखवत राहिली.

घरी सासूबाई टोपली बघून आधी हरखल्या. मग त्यांना आठवलं की आपल्या झाडाखालचं अजून कोणी झाडलेलंच नाही. तेव्हा मला कळलं. मोहाखालची जमीन आपोआप स्वच्छ होत नसते. फुलं गळायच्या आधी बाया खराटा घेऊन जातात, पाचोळा लोटतात, खडे वेचतात, म्हणजे पहाटे पडलेलं फूल मातीत हरवत नाही. ज्यानं झाडलं त्याची ती जागा, त्या हंगामापुरती. तिथं कुंपण नसतं, पाटी नसते. झाडलेली जमीन हीच पाटी, आणि मी तिच्यावरच मांडी घालून बसले होते.

सासूबाईंनी तीच टोपली माझ्या हाती परत पाठवली. त्या बाईचं नाव मैनाबाई. तिनं टोपली घेतली, फुलं स्वतःच्या ढिगात ओतली, रिकामी टोपली परत दिली. काही म्हणाली नाही. गाव मात्र पुढं कित्येक वर्षं हसत राहिलं. मैनाबाई त्यावर कधीच बोलली नाही, आणि तेच मला टोचायचं. मग मी माझ्यापुरतं उत्तर शोधलं: ती बिचारी मला बघून दिपली असणार. शिकलेली सून, शहरातली, घड्याळवाली. तिला बोलायचं धाडस झालं नसेल. या समजुतीवर मी किती वर्षं आरामात काढली ते सांगायची आता लाज वाटते. ती घड्याळवाली पोरगी आज समोर आली असती तर मी तिला वर्गाबाहेर उभी केली असती.

मोह पुन्हा गळायला लागला आहे. ओसरीत बसून मी ते ऐकते आहे. फूल पाचोळ्यावर पडतं तेव्हा कोणी कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो. न्हाणीच्या पत्र्यावर पडतं तेव्हा टपकन वाजतं. आणि झाडलेल्या जमिनीवर पडतं तेव्हा इतका मऊ आवाज येतो की आला की नाही याची खात्री वाटत नाही. हे तीन आवाज वेगळे ओळखायला मी गेल्या वर्षी शिकले, कारण गेल्या वर्षी मला कानांशिवाय दुसरं काही वळवता येत नव्हतं.

सुरुवात हातांपासून झाली. कप हातातून निसटायचा, पोलक्याचं बटण लागायचं नाही, खडूनं एवढी वर्षं फळ्यावर सरळ रेघा मारलेल्या माझ्या बोटांना सुई धरता येईना. मग पाय. सरळ जायला निघावं आणि गोठ्याकडे वळावं. मैनाबाईनं एकदा भर रस्त्यात विचारलं की मास्तरीनबाई, सकाळीच घेतली का वो. मोहाच्या गावात असं चालणाऱ्या माणसाबद्दल दुसरा संशय येत नाही. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवलं: मानेच्या मणक्यांमधल्या गाद्या सरकल्यात आणि आतली शीर दबली आहे. त्यांनी गळ्यासमोरून चीर घेतली, खराब गाद्या काढल्या, मणके पट्टीनं आणि स्क्रूनं एकमेकांना जखडले. आता हे मणके हळूहळू एक हाड होतील म्हणाले. तोवर पट्टा घालायचा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, झटक्यानं वळायचं नाही.

तो पट्टा म्हणजे हनुवटीपासून छातीपर्यंतचं प्लास्टिकचं डबडं. माझ्या नातीनं त्याच्यावर चमकत्या टिकल्या चिकटवल्या, मग मी पोळ्याच्या बैलासारखी दिसायला लागले. घसा बसला होता. घास गिळताना वाटायचं की आत कोणीतरी दार अर्धंच उघडतंय. पेज प्यायची तीसुद्धा ताट डब्यांच्या उतरंडीवर ठेवून, कारण खाली बघता यायचं नाही. स्वतःचे पाय मी कित्येक दिवस पाहिले नाहीत. आंघोळीच्या वेळी पाणी कुठवर पोचलं ते पायालाच विचारावं लागायचं.

आणि मान डोलावणं गेलं. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. बायकांच्या आयुष्यात या एका हालचालीनं केवढी कामं होतात ते ती बंद झाल्यावर कळलं. सासूबाईंसमोर मी डोलावली, मुख्याध्यापकांसमोर डोलावली, आमच्या यांच्यासमोर तर इतकी डोलावली की गाद्या त्यानंच झिजल्या असतील असं मी डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी ते गंभीरपणे घेतलं आणि नाही म्हणाले. आता होकार द्यायचा तर तोंड उघडून द्यावा लागे. आणि शब्द तोंडातून काढताना तो खरा आहे की नाही हे आपल्यालाही ऐकू येतं.

आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एकच, मिलिंद. तो वीज केंद्रात नोकरीला, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. दवाखान्यातून त्यानं मला तिथंच नेलं. सून सुजाता गुणाची. कामावर जायच्या आधी माझी वेणी घालून द्यायची, गोळ्या काढून ठेवायची. पण सकाळी कंपनीची बस गेली, गाड्या सुटल्या, शाळेची रिक्षा गेली, की त्या जिन्यात माझ्याशिवाय माणूस उरायचं नाही. मी गॅलरीत बसायची. मान वळत नव्हती, त्यामुळे समोर जे असेल तेच बघायचं, आणि समोर वीज केंद्राची धुराची चिमणी होती. सकाळी चिमणी, दुपारी चिमणी. दोरीवरच्या कपड्यांवर बारीक राख बसायची. मी बोटानं तिच्यावर बाराखडी गिरवायची आणि सुजाता यायच्या आत पुसून टाकायची.

मला घरी सोड, म्हणून मी धोशा लावला. मिलिंद तयार होईना. शेवटी त्यानं अट घातली. पट्टा निघेपर्यंत तू गावात राहा, मैनाबाईची सून सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकपाण्याचं बघेल. पट्टा निघाला की घर बंद करायचं आणि कायमचं इकडं यायचं, असंच त्याच्या मनात होतं. आणि मधे एकदा जरी पडलीस, तर त्याच दिवशी गाडी घेऊन येतो, मग काही ऐकणार नाही. मी हाव म्हटलं. मनातल्या मनात मात्र मी दोन्ही अटींना जोरजोरात नकाराची मान हलवली. तिथं पट्टा नव्हता.

घरी आले तेव्हा पहिले काही दिवस अंगण भरलेलं असायचं. बाया यायच्या, पट्टा ठोकून बघायच्या, आत किती लोखंड आहे ते विचारायच्या. एकीनं तर सांगितलं की भंगारवाल्यापासून सांभाळून राहा. मग धुऱ्यावरून तो वास यायला लागला, गोड, जड, डोक्यात बसणारा, आणि एका सकाळी माझ्या अंगणात कोणी आलं नाही.

मोहाच्या दिवसांत गाव कसं रिकामं होतं ते मी आधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या रिकामं करणाऱ्यांत मीही असायची. पहाटे टोपल्या, डाली, पाण्याच्या बाटल्या घेऊन सगळे जंगलात. पोरंसुद्धा. मागे उरतात ती कुत्री, बांधलेली गुरं आणि उठता न येणारी माणसं. मी ओसरीत खुर्ची टाकून त्या शेवटच्या गटात बसायची. मैनाबाईची सून भाकरी थापून धावत निघून जायची. मग भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, आणि टप, टप. शेजारच्या वासराला मी गुड मॉर्निंग म्हणायला लागले. तेही मान डोलवायचं. ज्याला त्याला येत होतं ते, मला सोडून.

संध्याकाळी मिलिंदचा फोन. गोळ्या झाल्या का, पाय मुंगावतात का, आणि शेवटी नेहमीचा प्रश्न, "आई, करमते का तुले?"

"हाव."

हा शब्द मी रोज बोलायची आणि फोन ठेवल्यावर घरात तो तसाच पडून राहायचा.

एका सकाळी माझ्या लक्षात आलं की धुऱ्याकडून फक्त कागद चुरगाळल्यासारखे आवाज येताहेत. म्हणजे फुलं पाचोळ्यावर पडत होती. माझ्या झाडाखाली कोणी झाडलंच नव्हतं. कोण झाडणार? सासूबाई गेल्यापासून ते माझं काम. आणि न झाडलेली जागा कोणाचीच नसते. कोणीही यावं, झाडावं, बसावं. त्याला चोरी म्हणत नाहीत. फुलांचं मला काही वाटत नव्हतं, ढोरांनी खाल्ली तरी चालली असती. पण तो पाचोळा बघणारा प्रत्येक माणूस काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. म्हणेल, मास्तरीनबाई गेली. मी घरात बसलेली असताना म्हणेल.

म्हणून मी खराटा घेतला, वेळूच्या काठीला सुतळीनं बांधला, आणि मागच्या दारानं निघाले. वाकायचं नव्हतंच, उभ्यानं झाडायचं होतं. खाली दिसत नव्हतं तर कानानं झाडू म्हटलं. खसखस वाजलं की पाचोळा, खरखर वाजलं की माती. असं झाडत झाडत मागं सरकत गेले, स्वतःवर इतकी खूश, की झाडाचं मूळही त्याच जागी वर्षानुवर्षं आहे हे विसरले. टाच अडकली.

मी पडले नाही. बसले. एवढंच, की बसायचं ठरवलं नव्हतं.

मानेला धक्का लागला नाही हे आधी तपासलं. बोटं हलवली, पाय हलवले, सगळं जागच्या जागी. फक्त उठता येईना. हात टेकवून पुढं झुकल्याशिवाय माणूस जमिनीवरून उठत नाही, आणि झुकणं मला बंद होतं. तेव्हा मी झाडाखाली ताठ बसून राहिले, सभेच्या अध्यक्षासारखी. फुलं डोक्यावर पडत होती. एक फूल हनुवटी आणि पट्ट्याच्या फटीतून आत गेलं. थोड्या वेळानं त्या फुलाच्या शोधात एक मुंगी गेली. मग तिनं बाकीच्यांना कळवलं.

गळ्यावर टाक्यांची जागा अजून कोवळी, आणि तिच्यावरून मुंग्या चाललेल्या. पट्टा काढायची परवानगी नाही. मोबाइल ओसरीत. असता तरी कोणाला लावणार? मिलिंदला लावला की संपलं, संध्याकाळपर्यंत मी चिमणीसमोर. ओरडले दोनदा. बसलेल्या घशातून जे निघालं त्याला वासरानंसुद्धा उत्तर दिलं नाही. तेव्हा मला रडू आलं. रडताना खाली मान घालता येत नाही म्हटल्यावर ते रडणंही विचित्र, समोर बघत, अध्यक्षासारखंच.

मैनाबाई आली ती तिच्या झाडाकडे. गुडघ्यांमुळे तीही आता जंगलात जात नाही, धुऱ्यावरच वेचते. मला बघून थांबली.

"झाडाची हजेरी घेऊन राह्यली का वो?"

"उचल मले आधी."

"थांब ना. तुह्या भवतीचं येचून घेऊ दे, मंग चेंदामेंदा होते."

आणि तिनं खरंच, एखाद्या दगडाभोवती वेचावं तसं माझ्याभोवतीचं सगळं वेचलं. माझ्या डोक्यावरची फुलंही काढून टोपलीत टाकली. मग पट्ट्यात बोट घालून मुंग्या बाहेर काढल्या, एकेकीला शिवी देत. शेवटी मागून काखेत हात घातले आणि धानाचं पोतं उभं करावं तसं मला उभं केलं. मिलिंदला सांगू नको, म्हटलं. मी कायले सांगू, म्हणाली. घरी सोडताना तिनं माझ्या झाडण्याकडे एकदा वळून पाहिलं आणि हसली. मी मोठ्या कष्टानं पाचोळा माझ्या झाडाखालून लोटून तिच्या झाडाखाली नेऊन घातला होता.

दुसऱ्या सकाळी ती आमच्या ओसरीत आली, माझी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि धुऱ्याकडे चालायला लागली. मागून मीही. दोन्ही झाडांखालची जागा तिनं झाडून ठेवलेली होती. यात दानधर्म काही नव्हता हे आधीच सांगते. माझ्या झाडाची निम्मी फुलं तिच्या घरी जात होती आणि ती कुठली निम्मी हे तीच ठरवायची. शिवाय तिला माझा उपयोग होता. त्या भागात वाघाचा वावर. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, म्हणून कोणी एकटीनं वेचू नये असं सगळेच सांगतात. मैनाबाईची सून आणि बाकीच्या बाया जंगलात, ही इकडं एकटी. तिला हवं होतं एक न वाकणारं माणूस. माझ्याइतकं न वाकणारं माणूस त्या वर्षी साऱ्या तालुक्यात नव्हतं.

वनखात्यानं गावात मुखवटे वाटले होते, डोक्यामागं बांधायचे, म्हणजे वाघाला वाटावं माणूस आपल्याकडेच बघतंय. मैनाबाईला त्यानं घाम यायचा. तिनं तिचा मुखवटा माझ्या पट्ट्याला मागून बांधला. मिशीवाला, गोरा, हसरा गडी. तेव्हापासून मला समोरून म्हातारी आणि मागून मिशीवाला अशी दोन तोंडं झाली. जंगलातून परतणाऱ्या बाया धुऱ्यावरून येताना आधी त्याला बघायच्या. एकीनं पदर सावरला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही, पण मैनाबाईनं शपथेवर सांगितलं.

माझं काम बोलत राहण्याचं. मोठ्यानं. बसलेल्या घशानं मी काय काय बोलले असेन. शाळेतल्या गोष्टी, यांच्या आजारपणाच्या गोष्टी, ज्या मी मिलिंदलाही सांगितल्या नव्हत्या. विषय संपले की पाढे म्हणायची. बेचा पाढा ऐकताना मैनाबाईचा हात भराभर चालायचा. वीसच्या पुढं गेले की ती म्हणायची, पुरे, वाघ झोपला असन.

ऊन चढलं की ती टोपली घेऊन घरी जायची. दुपारी तिला फुलं वाळत घालायची असायची, झोपायचं असायचं, सुनेशी भांडायचं असायचं. मग पुन्हा मी, भिंत, कॅलेंडर. अंगणात माझ्या वाट्याची फुलं उन्हात सुकत पडलेली, सकाळी साईसारखी होती ती संध्याकाळी मनुकांसारखी व्हायची. त्यांचा रंग बदलताना बघणं हा त्या दुपारींचा उद्योग होता. कोणी विचारलं तर मी सांगेन की दिवस चांगले गेले. पण दिवसातली सकाळच तेवढी चांगली जायची, हे खरं आहे. उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते मला कोणी सांगितलं नाही.

नागपूरला तपासणी झाली, हाड जुळलं, पट्टा निघाला. मान उघडी पडली तेव्हा इतकी हलकी वाटली की ती गळून पडेल म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसले. मिलिंद मला गावात घेऊन आला तो सामान भरायलाच. बॅग ओसरीत आली. मैनाबाई पायरीवर बसून बघत होती, आणि बघता बघता तिनं ती गोष्ट सांगायला घेतली, मजेदार गोष्ट सांगावी तशी: तुही माय कशी झाडाखाली बसली होती, कशा मुंग्या घुसल्या, कशी सभेतल्यासारखी रडत होती. मी तिच्याकडे डोळे वटारले. मान नुकतीच मोकळी झाली होती तरी वळवायचं धैर्य झालं नाही, त्यामुळे वटारलेले डोळे भलतीकडेच गेले.

मिलिंद उठून मागच्या दारानं धुऱ्यावर गेला. मोह संपला होता. झाडांखालची जमीन अजून स्वच्छ होती, मधे माझ्या खुर्चीच्या पायांचे चार खड्डे. तो परत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला, लहानपणी चूक कबूल करायला बसायचा तसा. चूक माझी होती.

"आई, खरं सांग. करमते का तुले इथी?"

या वेळी मला हाव म्हणता आलं नाही. शब्द ओठापर्यंत आला आणि मला तो ऐकू आला.

"नाई करमत," मी म्हटलं. "तिथी बी नाई करमत. पन इथी कोनासाठी करमत नाई, ते मले मालूम असते."

त्यानं मैनाबाईकडे पाहिलं. ती तंबाखू मळत होती. संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा बॅग ओसरीतच होती. घर बंद करायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. फोन मात्र आता दोनदा येतो.

हे सगळं आज आठवायचं कारण असं की मोह गळतो आहे आणि मैनाबाई इथं नाही. तिची मुलगी भामरागडच्या पलीकडे दिली आहे, तिचं बाळंतपण आलं. फुलं सुरू व्हायच्या तोंडावरच तिला जावं लागलं. पावसाच्या आत येते म्हणाली, कारण पाऊस लागला की तिकडचा रस्ता बंद होतो. त्याआधी निघालं नाही तर मग दसऱ्यापर्यंत माणूस नजरेस पडत नाही.

यंदा दोन्ही झाडांखालचं मी झाडलं. वेळूला बांधलेला तोच खराटा. आता पाय दिसतात, मुळं दिसतात, पाचोळा कुठं लोटते ते दिसतं. तिची जागा आधी झाडली, मग माझी. मान पूर्वीसारखी वाकत नाही, कधी वाकणारही नाही. गुडघ्यात बसून हाताला येतील तेवढी वेचते. उरलेली पडून राहतात. तिच्या सुनेला सांगितलं आहे, ती परतताना तिच्या झाडाखालची घेऊन जाते. मला त्या फुलांशी देणंघेणं नाही. जागा झाडलेली दिसली पाहिजे, म्हणजे कोणी म्हणणार नाही की मैनाबाई गेली. पाढे अजून म्हणते. ऐकायला कोणी नाही तर पंधराच्या आतच चुकते.

ती निघाली त्या दिवशी मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले होते. बस यायला उशीर. आम्ही दोघी वडाच्या पारावर बसलो, तिच्या मांडीवर गाठोडं, त्यात बाळंतिणीसाठी काय काय. बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून आयुष्यभर न विचारलेलं विचारून टाकलं. तो पहिला उन्हाळा आठवतो का, म्हटलं. मी तुझ्या झाडलेल्या जागेवर बसून तुझीच टोपलीभर फुलं नेली, तर तू मला उठवलं काऊन नाही? एक शब्दानं बोलली काऊन नाही? माझं घड्याळ पाहून घाबरली होती का?

ती इतकी हसली की तंबाखू थुंकावी लागली. बस वळणावर दिसली. तिनं गाठोडं उचललं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"घड्याळ कायचं वो. मीबी तवा नवीनच होती या गावात, रोज एकटीच येचाची. तू आली, बोलाले लागली. तुले उठ म्हनलं असतं तं तू गेली असती, अन् मले एकटीले करमत नोतं."